पिस्तुलावरचा लाल ठिपका : आधी सराव, मग काच

खंडेनवमीला आपल्याकडे विळा, कोयता, पाभर, ट्रॅक्टर आणि असेल त्या घरी बंदूक, असे सगळे एका रांगेत हळदीकुंकवाला बसते. त्या बंदुकीवर नेम धरायला काय असते? नळीच्या टोकाला एक माशी आणि रायफल असेल तर मागे एक खाच. आजोबा-काकांच्या पिढीने तेवढ्यावरच डोळा बसवला. घरातल्या पंधरा वर्षांच्या मुलाला मात्र ‘माशी’ म्हणजे काय ते समजावून सांगावे लागते. ‘रेड डॉट’ त्याला सांगावा लागत नाही. बीजीएमआय खेळताना बंदूक हाती लागली की तो पहिल्यांदा तीच काच शोधतो.

फोनमधला हा शब्द आता खऱ्या पिस्तुलांवर येऊन बसला आहे. अमेरिकेतल्या पोलिसांत आणि लष्करात तो रुळू लागला आहे, आपल्या लष्कराच्या नव्या शस्त्रांवरही तो येतो आहे. राजेश्वर, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद या पट्ट्यातल्या आपल्या घरांतून सैन्यात, पोलिसांत आणि सुरक्षा रक्षकांच्या नोकरीत मुले जातात. निवृत्त होऊन आलेले सुभेदार-हवालदार बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे राहतात. आता चार वर्षांनी परतणाऱ्या अग्निवीरांची त्यांत भर पडेल. त्यामुळे ‘ही काच बसवली की नेम चुकत नाही म्हणे, खरे का?’ हा प्रश्न मंडळाच्या बैठकीत एकापेक्षा जास्त वेळा आला. १६ जानेवारी २०२५ रोजी बीदरमध्ये भरदिवसा, बँकेसमोर, एटीएमची रोकड नेणाऱ्या गाडीवर गोळीबार झाला आणि एका कर्मचाऱ्याचा जीव गेला. त्यानंतर तर परवाना, पिस्तूल, काच हे शब्द चहाच्या टपरीवरही ऐकू येऊ लागले.

आमचे उत्तर आधीच सांगतो. काच चांगली आहे. पण ती पहिल्या दिवशी नेमबाजाला सुधारत नाही, उलट काही आठवडे बिघडवते. ज्याच्या हातात ती सरावाशिवाय दिली जाईल, त्याचे त्या काळात नुकसानच होईल. हे असे का, ते नीट समजून घेण्यासारखे आहे.

सुरुवातीला एक गैरसमज दूर करू. सिनेमात खलनायकाच्या कपाळावर लाल ठिपका नाचतो, तो लेझरचा. त्यात बंदुकीतून किरण निघतो आणि समोरच्याच्या अंगावर पडतो. आपण ज्याबद्दल बोलतो आहोत तो ठिपका समोर कुणावरही पडत नाही. तो फक्त नेम धरणाऱ्याला, त्याच्याच काचेत दिसतो. पिस्तुलाच्या स्लाइडवर, मागच्या बाजूला, टपालाच्या तिकिटाएवढी एक किंचित वक्र काच उभी असते. तिच्या मागे खाली एक बारीक एलईडी दिवा असतो. त्याचा लाल प्रकाश काचेवर आपटून डोळ्याकडे परततो, तो समांतर किरणांच्या रूपात. म्हणून ठिपका काचेवर चिकटलेला दिसत नाही, दूर निशाणावरच तरंगतो आहे असे वाटते.

ही युक्ती नवी नाही. डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब या दुर्बिणी बनवणाऱ्या कारागिराने १९०० साली तिचा आराखडा मांडला. पुढे दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांच्या तोफांना अशाच काचा होत्या. बॅटरीवर चालणारी, बंदुकीवर बसणारी काच १९७५ मध्ये स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने आणली. पिस्तुलाच्या वेगवान स्पर्धांत १९९० मध्ये डग कोएनिग या अमेरिकी नेमबाजाने ठिपक्याच्या जोरावर जागतिक विजेतेपद मिळवले आणि तिथून त्या प्रकारातल्या पिस्तुलांचा चेहराच बदलला. तेव्हाच्या काचा बोजड होत्या, कमरेच्या म्यानात मावत नसत. त्या लहान आणि मजबूत व्हायला आणखी वीसेक वर्षे गेली. २०१७ च्या जानेवारीत अमेरिकी लष्कराने नवे पिस्तूल निवडले, त्याच्या स्लाइडवर काच बसवायची जागा कारखान्यातूनच ठेवलेली होती. हौशी माणसाचे खेळणे तिथे सरकारी सामान झाले.

आता अडचण कुठे येते ते पाहू. ज्यांनी एनसीसी, पोलीस किंवा फौज पाहिली आहे त्यांना ‘शिस्त लेना’ हा शब्द आठवेल. मराठीत शिस्त म्हणजे वळण, फौजी हिंदीत शिस्त म्हणजे नेम. मजबूत पकड, दुरुस्त शिस्त, सही ट्रिगर, हे सूत्र उस्तादांनी घोकून घेतलेले असते. त्या शिस्तीत तीन गोष्टी एका रेषेत आणायच्या असतात : मागची खाच, पुढची माशी आणि निशाण. माणसाचा डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो. म्हणून शिकवले जाते की माशीचे टोक लख्ख दिसले पाहिजे, निशाण धूसर दिसले तरी चालेल. वर्षानुवर्षे हेच डोळ्यात मुरलेले असते.

ठिपका याच्या नेमके उलटे मागतो. नजर निशाणावर हवी, लख्ख निशाणच दिसले पाहिजे. ठिपका त्यावर आपोआप येऊन बसू द्यायचा. ज्वारीच्या राखणीला माळ्यावर उभा राहून गोफण फिरवणारा पाखराकडे पाहतो, गोफणीकडे पाहत नाही, तसेच हे. ऐकायला सोपे वाटते. पण ज्याने पंधरा वर्षे माशीकडे पाहिले आहे, त्याची नजर घाईच्या क्षणी मागे खेचली जाते. तो ठिपक्याकडेच टक लावून बसतो आणि निशाण पुसट होते. यात गंमत अशी की कधीच पिस्तूल न धरलेला नवखा हे लवकर शिकतो आणि जुना, पक्का नेमबाज जास्त झगडतो. निवृत्त माणसांनी हे लक्षात घ्यावे. यात तुमच्या कौशल्याचा कमीपणा नाही, जुनी सवय पक्की असल्याचाच तो पुरावा आहे.

दुसरी अडचण याहून मोठी : ठिपका सापडतच नाही. खेळात ठिपका पडद्याच्या मधोमध असतो, कुठे जातच नाही. हातातल्या पिस्तुलाचे तसे नसते. मनगट जरा वर किंवा खाली झुकले की ठिपका काचेच्या चौकटीबाहेर जातो आणि समोर उरते नुसती स्वच्छ काच. जुन्या पद्धतीत माशी जरा तिरकी असली तरी ती दिसते, किती तिरकी आहे तेही कळते आणि दुरुस्त करता येते. इथे आधी सूचना नाही. दिसला तर पूर्ण, नाही तर काहीच नाही. मग माणूस पिस्तुलाचे तोंड गोल गोल फिरवत ठिपका शोधू लागतो. विहिरीत पडलेली बादली गळाने चाचपावी तसे. मैदानावर यात दोन सेकंद जातात आणि हसू होते. खऱ्या प्रसंगी त्या दोन सेकंदांची किंमत कुणाला सांगायला नको.

यावर उपाय एकच, आणि तो काचेत नसून मनगटात आहे. पिस्तूल दर वेळी त्याच वाटेने, त्याच उंचीवर, त्याच पकडीत डोळ्यासमोर आले पाहिजे. बोट दाखवताना आपण ते कुठे रोखले आहे हे तपासत नाही, इतके ते अंगवळणी पडले पाहिजे. जाणकार शिकवतात ती रीत अशी. समोर भिंतीवर एक खूण ठरवायची. ठिपका त्यावर आणायचा. डोळे मिटून पिस्तूल छातीशी घ्यायचे, पुन्हा पुढे न्यायचे आणि मग डोळे उघडायचे. ठिपका नसेल तर हात हलवून तो शोधायचा नाही. पकड कुठे बदलली ते पाहून तीच सुधारायची. रोज दहा मिनिटे हे केले तर काही आठवड्यांत ठिपका हजर राहू लागतो. आठवड्याला एकदाच तासभर करून तो फायदा होत नाही.

हा सराव रिकाम्या पिस्तुलाचा, हे वेगळे सांगायची वेळ येऊ नये, पण सांगतो. मॅगझिन बाहेर काढलेले, नळीचे घर डोळ्याने आणि बोटाने दोनदा तपासलेले, गोळ्या दुसऱ्या खोलीत कुलपात. समोरची भिंत अशी की पलीकडे कुणी वावरत नाही. घरात लहान मुले जागी असताना नाही. आणि हा सराव ज्याच्या नावावर परवाना आहे किंवा ज्याच्या नोकरीचा तो भाग आहे, त्यानेच करायचा. पुतण्याला ‘बघ जरा’ म्हणून हातात द्यायचा नाही.

तिसरी अडचण मनाची. कुणाचाही हात पूर्ण स्थिर नसतो. खाच-माशीत ती थरथर फारशी जाणवत नाही. ठिपका मात्र सगळे दाखवतो, दिव्याभोवतीच्या किड्यासारखा निशाणावर वळवळत राहतो. नवशिका घाबरतो, तो थांबण्याची वाट पाहतो आणि क्षणभर मधोमध आला की चाप झटक्याने ओढतो. गोळी खाली जाते. खरे तर ठिपका वळवळत असतानाही तो निशाणाच्या आतच असतो. चाप सावकाश, सरळ मागे घेतला तर गोळी आतच लागते. म्हणून अनुभवी शिक्षक या काचेला उस्ताद म्हणतात. चाप ओढताना हात कुठे ढळतो हे ती त्याच क्षणी दाखवते, कागद तपासायला पंचवीस मीटर चालत जावे लागत नाही. आमच्या मते या काचेचा सर्वात मोठा आणि सर्वात कमी सांगितला जाणारा फायदा हाच.

थोडे मोजमाप. ठिपक्याचा आकार ‘एमओए’त सांगतात. एक एमओए म्हणजे १०० मीटरवर साधारण २.९ सेंटिमीटर. म्हणजे ६ एमओएचा ठिपका २५ मीटरवर सव्वाचार-साडेचार सेंटिमीटर जागा झाकतो, ३ एमओएचा त्याच्या निम्मी. मोठा ठिपका चटकन दिसतो, लहान बारीक नेमाला बरा. पिस्तूल हे जवळच्या अंतराचे शस्त्र असल्याने मोठ्या ठिपक्याने फारसे बिघडत नाही. काच नळीपेक्षा अडीच-तीन सेंटिमीटर उंच बसते, त्यामुळे २५ मीटरवर जुळवलेले पिस्तूल दोन-तीन मीटरवर ठिपक्याच्या किंचित खाली मारते. आणि काच बसवल्यावर ती गोळ्या झाडून जुळवावीच लागते. दुकानदाराने ‘जुळवूनच दिली आहे’ म्हटले तरी त्यावर विसंबू नये.

डोळ्यांचा मुद्दा मात्र आपल्या ज्येष्ठांसाठी महत्त्वाचा. चाळिशी ओलांडली की जवळचे धूसर होते, वर्तमानपत्र लांब धरावे लागते. हातभर अंतरावरची माशी नेमकी त्याच पट्ट्यात येते. कितीतरी निवृत्त जवान ‘आता नेम राहिला नाही’ म्हणतात तेव्हा त्यांचा हात गेलेला नसतो, माशी दिसेनाशी झालेली असते. ठिपक्याला लांबची नजर पुरते आणि ती बहुतेकांची शाबूत असते. या वयाच्या माणसाला ही काच खरोखर वरदान ठरू शकते. पण ज्यांच्या बुबुळाचा आकार असमान आहे, म्हणजे चष्म्याच्या कागदावर ‘सिलिंडर’चा आकडा असतो, त्यांना ठिपका गोल दिसत नाही. कुणाला स्वल्पविरामासारखा, कुणाला द्राक्षाच्या घडासारखा दिसतो. ते काच खराब म्हणून परत करायला निघतात. फोनच्या कॅमेऱ्याने काचेतून फोटो काढा. फोटोत ठिपका गोल आला तर दोष काचेचा नाही. योग्य चष्म्याने आणि उजेड कमी ठेवल्याने पुष्कळ फरक पडतो.

हवापाण्याचेही बघावे लागते. आपल्याकडची उन्हाळ्यातली धूळ कशी असते ते हमरस्त्यालगत राहणाऱ्यांना सांगायला नको. उघड्या बनावटीच्या काचेत दिवा आणि काच यांमध्ये मोकळी जागा असते. तिथे धुळीचा कण, कपड्याचा धागा किंवा पावसाचा थेंब बसला की ठिपक्याच्या जागी चांदणी फुटते. बंद डबीसारख्या बनावटीत हा त्रास कमी, वजन आणि किंमत जास्त. बॅटरी बहुतेक नाण्याएवढी असते. हजारो तास चालते हे खरे, पण ती संपते ती नेमकी विसरल्यावर. आमच्यातल्या एका माजी सैनिकाने सुचवलेली तोड आम्हाला आवडली : वर्षातून दोन दिवस ठरवून टाका, गुढीपाडवा आणि खंडेनवमी, आणि जुनी बॅटरी चालत असली तरी बदला. काच बंद पडली तर उपयोगी पडावी म्हणून उंच माशी आणि खाच सोबत ठेवतात. ती काढून टाकून ‘स्वच्छ’ दिसणारे पिस्तूल करण्याच्या भानगडीत पडू नये.

आता आपल्या देशात काय चालले आहे ते पाहू. या बदलात मराठी माणसांचा आणि पुण्याचा वाटा मोठा आहे. जानेवारी २०२१ मध्ये ‘अस्मी’ हे देशातले पहिले स्वदेशी ९ मिलिमीटर मशीन पिस्तूल जाहीर झाले. महूच्या इन्फंट्री स्कूलचे लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड आणि पुण्याच्या पाषाणची एआरडीई ही डीआरडीओची प्रयोगशाळा यांनी मिळून ते चार महिन्यांत उभे केले. वरचा भाग विमानात वापरतात त्या दर्जाच्या ॲल्युमिनियमचा, खालचा कार्बन फायबरचा, चापाचे काही भाग धातूच्या थ्रीडी छपाईतून. अपेक्षित किंमत पन्नास हजारांच्या आत सांगितली गेली. हैदराबादच्या लोकेश मशीन्सने ते बनवले आणि २०२४ मध्ये लष्कराच्या उत्तर विभागासाठी ५५० नग घेतले गेले. हैदराबाद म्हणजे आपल्याला शेजारचे घर. त्यामुळे या बातमीचे आमच्या सभासदांनी विशेष कौतुक केले ते योग्यच होते. या पिस्तुलाच्या माथ्यावर काच बसवायची पट्टी आहे. २०२५ मध्ये लष्कराच्या चार लाखांहून अधिक नव्या कार्बाइनच्या खरेदीत पुण्याची भारत फोर्ज सर्वात कमी बोलीची ठरली. ती कार्बाइनही एआरडीईच्या आराखड्यावरची आहे. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात आज भरती होणारा मुलगा त्याच्या सेवेत कधी ना कधी काचेतून नेम धरेल, हे गृहीत धरायला हरकत नाही.

सामान येईल. प्रश्न गोळ्यांचा आणि वेळेचा आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीच्या अहवालात एक बोचणारी नोंद होती : दारूगोळ्याच्या टंचाईमुळे पोलिसांचा गोळीबाराचा सराव थांबलेला होता. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पोलिसांच्या हाती जुन्या ३०३ रायफली होत्या हे सगळ्यांना आठवते. सराव नव्हता हे कमी लोकांना आठवते. रायफल जुनी होती म्हणून चर्चा शस्त्रखरेदीकडे गेली, कारण खरेदीचा फोटो निघतो, उद्घाटन होते. मैदानावर झाडलेल्या गोळ्यांचे उद्घाटन होत नाही. ठिपक्याची काच आल्यावर हीच चूक पुन्हा होण्याचा धोका आम्हाला दिसतो. जुन्या खाच-माशीवर निदान शिपायाचा हात तरी बसलेला असतो. नवी काच देऊन, एक दिवसाचे प्रात्यक्षिक दाखवून त्याला बंदोबस्तावर पाठवले, तर तो जुने विसरण्याच्या आणि नवे न शिकण्याच्या मध्ये अडकतो. म्हणून आमचे म्हणणे असे की काच बसवण्याच्या आदेशातच सरावाचे तास आणि गोळ्यांची संख्या लिहिलेली हवी. ते लिहिता येत नसेल तर काच पुढच्या वर्षी घ्या. तोवर त्याच पैशात गोळ्या घ्या, त्याने जुन्या पिस्तुलावरचा नेमही सुधारेल.

यावर आमच्याच बैठकीत एक आक्षेप आला आणि तो हलका नव्हता : ‘सरावाची वाट बघत बसलो तर सामान कधीच येणार नाही; आधी येऊ द्या, सराव मागून होईल.’ सरकारी कारभार पाहिलेल्या माणसाचे हे शहाणपण आहे. रायफलीच्या बाबतीत ते बरेचसे खरेही आहे, कारण रायफल खांद्याला टेकते, गाल दर वेळी त्याच जागी बसतो आणि ठिपका आपोआप समोर येतो. पिस्तुलाला असा आधार नाही. दोन हात आणि दोन मनगटे, बस्स. म्हणून कार्बाइनवर काच लवकर द्यायला आमची हरकत नाही. पिस्तुलावर मात्र घाई नको.

परवानाधारक घरांसाठी वेगळे बोलतो. सर्वसाधारण नागरिकाला ९ मिलिमीटरचे पिस्तूल मिळत नाही, ते निषिद्ध बोअर आहे. मिळते ते ३२ बोअरचे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर. सरकारी कारखान्यांच्या नेहमीच्या ३२ बोअर रिव्हॉल्व्हरवर आणि ‘अशनी’ पिस्तुलावर ही काच बसवायची जागाच नसते. लोहाराकडून किंवा लेथवर स्लाइड कापून घेण्याचा विचार कुणाच्या मनात आला असेल तर तो तिथेच सोडावा. शस्त्रात परस्पर बदल करणे कायद्यानेही महागात पडते आणि स्लाइड कमकुवत झाली तर हातानेही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती होऊन एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली आहे. २०१६ च्या नियमांनी परवान्यासाठी सुरक्षेचे प्रशिक्षणही आणले. काच ऑनलाइन दिसली म्हणून मागवू नका. आधी परवाना देणाऱ्या कार्यालयात लेखी विचारा आणि लेखी उत्तर घ्या. खेळण्यातल्या बंदुकीसाठीच्या स्वस्त काचा खऱ्या पिस्तुलाच्या झटक्याने पहिल्या दोन-चार गोळ्यांतच सैल होतात, तेव्हा तो मार्गही नाही.

आणि बीदरच्या घटनेनंतर ज्यांनी ‘चांगली काच असलेले पिस्तूल पाहिजे’ असा निष्कर्ष काढला, त्यांना आम्ही नम्रपणे सांगू की अशा प्रसंगी अंतर काही पावलांचे असते आणि वेळ काही सेकंदांचा. तिथे नेमाआधी प्रश्न येतो तो सावध असण्याचा, गाडी कुठे थांबते, कोण कुठे उभा आहे, दार कधी उघडते याचा. बँकेच्या दारात बारा बोअरची दुनळी घेऊन उभ्या असलेल्या आपल्या माणसाला काचेआधी वर्षातून दोनदा मैदान मिळाले पाहिजे. त्याने शेवटची गोळी कधी झाडली हे त्यालाच विचारून पाहा.

राहिली खेळाची गोष्ट. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण मिळवले, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला रायफलमध्ये कांस्य मिळवले. तेव्हापासून आपल्याकडचे पालकही मुलांना नेमबाजीला घालण्याचा विचार करू लागले आहेत, ही आनंदाची गोष्ट. त्यांनी एवढे जाणून घ्यावे की ऑलिंपिकच्या पिस्तूल प्रकारांत ठिपक्याची काच चालत नाही. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमाप्रमाणे तिथे उघडी खाच-माशीच लागते. १० मीटर एअर पिस्तूलचा चाप किमान ५०० ग्रॅमचा, २५ मीटर स्पोर्ट्स पिस्तूलचा १००० ग्रॅमचा असावा लागतो. पॅरिसमध्ये रौप्य मिळवणारे तुर्कस्तानचे युसुफ दिकेच साधा चष्मा आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून खेळले, त्यांचे छायाचित्र आपल्या मुलांनी पाहिलेच असेल.

म्हणून मुलाला क्रीडा संकुलात पहिल्यांदा नेताना कुणी ‘आधी रेड डॉटवर शिकवतो, लवकर येते’ म्हणाले, तर त्या शिक्षकाला विचारा की मूल स्पर्धेला कोणत्या प्रकारात उतरणार आहे. उत्तर एअर पिस्तूल असेल तर काच काढून ठेवायला सांगा. सुट्टीत फौजेतला मामा घरी आला की तो पोराला दुसरेच काही शिकवील, माशीकडे नको, निशाणाकडे बघ म्हणेल. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, हे त्या मुलाला कुणीतरी आधीच सांगून ठेवलेले बरे.